आचाऱ्याची बायको बाहेर जेवते

आमच्या सहल कंपनीतल्या आचाऱ्यांना सगळे आचारीकाका म्हणायचे. खरं नाव पासपोर्टवर होतं आणि ते फक्त विमानतळावरच्या खिडकीपाशी कामाला यायचं. मी त्याच कंपनीत टूर लीडर होते. माणसं मोजणं, खोल्यांच्या किल्ल्या वाटणं, बसमध्ये विसरलेले चष्मे शोधणं हे माझं काम. परक्या मुलखात चाळीस माणसांना सकाळ-संध्याकाळ घरच्यासारखं जेवायला घालणं हे त्यांचं.

बावीस वर्षं ते हे करत होते. त्यांच्या सामानात कपड्यांची एक पिशवी आणि बाकी सगळा संसार असायचा: दोन मोठे कुकर, जुन्या चादरीत गुंडाळलेला तवा, लोकरी मोज्यांत घातलेली लाटणी, पिठाच्या आणि मसाल्याच्या पिशव्या. प्रत्येक गावात हॉटेलवाले त्यांना मागच्या बाजूचा एक कोपरा, दोन शेगड्या आणि एक बेसिन द्यायचे, तेही स्वतःची गर्दी सुरू व्हायच्या आत. त्या उसन्या कोपऱ्यात दीड तासात ते पोळ्या, भाजी, डाळ, भात आणि काहीतरी गोड करून मोकळे व्हायचे. मग खांद्यावर फडकं टाकून जेवणघराच्या दाराशी उभे राहायचे आणि परत जाणारी ताटं बघायचे. पुसून काढलेलं ताट दिसलं की काही बोलायचे नाहीत. कोणी अर्धं टाकलं तर मात्र हळूच मला विचारायचे, ‘‘हे कुणाचं?’’

इतके देश पायाखालून गेले, पण काकांनी एकाही देशाचं अन्न तोंडात घातलं नव्हतं. ‘‘जिभेचं माप बिघडतं,’’ ते म्हणायचे. प्रवासी बाहेर काही खाऊन आले की त्यांचा चेहरा असा व्हायचा, जसं काही कोणी त्यांच्या घरातली वस्तू न विचारता उचलून नेली.

त्या वर्षी बसमध्ये दोन जागा रिकाम्या राहिल्या होत्या. मालक म्हणाले, काकांनी कधी रजा घेतली नाही, या वेळी बायकोला घेऊन जाऊ दे. म्हणून काकू आल्या.

काकूंनी तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवण्याच्या कारखान्यात काम केलं होतं. त्यांच्याकडे फक्त कॉलर असायच्या. दिवसाला किती कॉलर, ते विचारलं की त्या हसायच्या. डोळे दमले म्हणून दोन महिन्यांपूर्वीच त्यांनी काम सोडलं होतं. बाई अंगाने बारीक, बोलायला कमी, पण नजर चारी बाजूंना. विमानात बसायची ती पहिलीच वेळ. हवाईसुंदरीने आणून दिलेल्या ट्रेमधली एकेक पुडी त्यांनी उघडली, हुंगली, चाखली आणि संपवली. शेजारी काका घरून आणलेला डबा उघडून बसले होते.

‘‘हे कसलं लोणी आहे बघा तरी,’’ काकूंनी चमचा पुढे केला.

‘‘तुझं तू खा,’’ काका म्हणाले.

विमानतळावरच त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, ‘‘घरी मी कधी चुलीपाशी जात नाही. बाहेर तेच, घरीही तेच, कोण करणार? एकतीस वर्षं हिनेच केलं आणि मी खाल्लं. या वेळी ही माझ्या हातचं खाणार.’’ हे सांगताना त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, काढलं, परत लावलं.

समुद्राकाठच्या एका गावात आमचा पाच दिवस मुक्काम होता. सकाळी बसने आजूबाजूला फिरायचं, दुपारी जेवायला परत. हॉटेल जुनं, स्वयंपाकघर तळमजल्यावर मागे. काकांना दिलेल्या कोपऱ्याला एक खिडकी होती. ती मागच्या गल्लीत उघडायची. समोर एक चपला दुरुस्त करणारा आणि त्याच्या शेजारी चार पायऱ्या उतरून एक छोटी खानावळ.

पहिल्या संध्याकाळी काकांनी काकूंचं ताट स्वतः वाढलं. टूर कंपनीच्या आचाऱ्याने कोणाला ताट वाढलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बाकीचे प्रवासी डाळीचं कौतुक करत होते. एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर होते, ते म्हणाले, ‘‘वहिनी, तुम्ही भाग्यवान. रोज हेच.’’ काकू नुसत्या हसल्या. काका दाराशी न थांबता त्यांच्या खुर्चीमागेच उभे होते.

‘‘कसं झालंय?’’

‘‘छान आहे.’’

‘‘छान म्हणजे?’’

‘‘छान म्हणजे छान. घरच्यासारखं.’’

काका मागे फिरले. त्या शब्दासाठी लोक त्यांना वर्षानुवर्षं डोक्यावर घेत होते, आणि बायकोच्या तोंडून तो ऐकताना मात्र कोणी त्यांना खाली ढकलल्यासारखं झालं. ताटात अर्धी पोळी आणि थोडा भात उरला होता. या वेळी कुणाचं ते विचारायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोकळा वेळ होता. हॉटेलातच जेवण होतं. काकूंची खुर्ची रिकामी. काका पोळ्या भाजत होते आणि सहज खिडकीबाहेर नजर गेली, तर काकू त्या चार पायऱ्या उतरत होत्या. एकट्या. पर्स पोटाशी धरलेली. दाराशी एप्रन घातलेला एक माणूस उभा होता. त्याने दार उघडून धरलं.

हे सगळं मला काकांनीच नंतर सांगितलं. तव्यावरची पोळी करपली. बावीस वर्षांत त्यांची पोळी करपली नव्हती असं नाही, पण करपल्याचा वास दुसऱ्याने येऊन सांगावा लागला, असं पहिल्यांदाच झालं. खानावळीच्या काचेतून काकू दिसत होत्या. पुढ्यात खोल वाडगा. एक घास घेऊन त्या थांबल्या. वाडग्यात वाकून पाहिलं. मग तो एप्रनवाला टेबलापाशी आला आणि काहीतरी हातवारे करू लागला. काकूही हात हलवून काहीतरी सांगत होत्या. मग त्या हसल्या, तोंडावर हात न ठेवता.

संध्याकाळी काकांनी भाजी चिरता चिरता विचारलं. मी तिथेच ताटं मोजत होते.

‘‘दुपारी कुठे होतीस?’’

‘‘समोर जेवले.’’

‘‘इथे जेवण नव्हतं?’’

‘‘होतं की. पण अहो, एवढा समुद्र ओलांडून आले आणि तेच खायचं?’’

‘‘काय होतं तिथे एवढं?’’

आणि काकू बोलू लागल्या. एवढं सलग बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं. पांढऱ्या घेवड्याचे मोठे मोठे दाणे, अंगठ्याएवढे. नुसते शिजवलेले नाहीत, जिभेवर दाबला की विरघळतो पण फुटत नाही. वर कांदा, पण कांदा दिसत नाही, फक्त गोडवा लागतो. पाव तो आधी निखाऱ्यावर धरतो, मग त्यावर लसूण नुसता घासतो, घालत नाही. ‘‘घासतो हो नुसता. बघा, किती साधं आहे, आणि आपल्याला कधी सुचलं नाही.’’

‘‘तो कोण?’’ काकांनी विचारलं.

‘‘कोण म्हणजे? खानावळवाला.’’

‘‘तू त्याच्या स्वयंपाकघरात जाऊन बघितलंस?’’

‘‘त्यानेच बोलावलं. मी विचारत होते ना खुणेने, मग म्हणाला असेल की ये, बघ.’’

काकांनी सुरी खाली ठेवली. तिला धार नाही म्हणाले. ती सुरी त्यांनी त्याच सकाळी घासून घेतली होती.

तिसऱ्या दिवशी काकू ड्रॉइंग मास्तरांना आणि त्यांच्या मिसेसना घेऊन गेल्या. संध्याकाळी मास्तरांनी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर त्या घेवड्याचं असं वर्णन केलं की पुढच्या दुपारी सात खुर्च्या रिकाम्या होत्या. काकांनी त्या दिवशी खीर केली होती, ठरल्या यादीत नसताना. दारात उभं राहून ते माणसं मोजत होते. ते माझं काम होतं.

‘‘सात,’’ ते म्हणाले.

‘‘काका, माणसं प्रवासाला आलीत. खाऊ दे.’’

‘‘खाऊ दे की. मी कुठे अडवलंय?’’

पण त्यांना आतून काय होत होतं ते दिसत होतं. खिडकीशी जाऊन उभे राहायचे आणि मी आले की पडदा सारायचे. त्या खानावळवाल्याच्या एप्रनवर डाग किती, तो हात कधी धुतो, चव बघितलेला चमचा परत भांड्यात घालतो का, हे त्यांनी सगळं टिपलं होतं. डाग नव्हते, हात धूत होता आणि चमचा घालत नव्हता. त्यामुळे त्यांचा राग आणखीच वाढला होता. घरी एकतीस वर्षं जिने तोंडातून चवीबद्दल एक शब्द काढला नाही, ती इथे परक्या माणसाच्या वाडग्याचं कीर्तन करत होती.

त्याच दिवशी चारच्या सुमारास ते माझ्याकडे आले. आवाज खाली घेऊन म्हणाले, ‘‘पोरी, त्या समोरच्या खानावळीत जाऊ देऊ नकोस कोणाला. गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका ग्रुपची चार माणसं आडवी झाली तिथे खाऊन. आत स्वयंपाकघरात बोलत होते.’’

काकांना तिथल्या भाषेतले चार शब्दही येत नव्हते, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं. चाळीस माणसांची जबाबदारी डोक्यावर असली की पोट बिघडणं या दोन शब्दांनीच धडकी भरते. संध्याकाळी चहाच्या वेळी मी सगळ्यांना सांगून टाकलं, समोरच्या खानावळीत कोणी खाऊ नका, तिथे खाऊन लोक आजारी पडलेत. मास्तरांच्या मिसेसनी लगेच पोटावर हात ठेवला. काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या काकांकडे पाहिलं, आणि कप खाली ठेवून उठून गेल्या.

खात्री करावी म्हणून मी हॉटेलच्या काउंटरवरच्या बाईंना विचारलं, त्या खानावळीत गेल्या आठवड्यात काय झालं होतं? मला तिथली भाषा कामापुरती यायची. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘ती माझ्या मेहुण्याची खानावळ आहे.’’ आणि त्यांनी फोन उचलला.

जेवणाची पानं मांडली जात होती तेव्हा तो माणूस आला. काकांच्याच वयाचा असेल. जाड भुवया, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातात फडक्यात बांधलेलं मोठं पातेलं. त्याने ते मधल्या टेबलावर ठेवलं, फडकं सोडलं आणि मला विचारलं, ‘‘आजारी कोण आहे?’’

मी म्हटलं, आमच्यापैकी कोणी नाही.

‘‘मग कोण होतं? मला नावं द्या. मी त्यांच्या घरी जातो. डॉक्टरकडे नेतो.’’

त्याने टेबलावरचा आमचाच एक वाडगा उचलला, पातेल्यातून घेवडा वाढून घेतला आणि सगळ्यांसमोर उभ्याउभ्या खायला लागला. घाईने नाही. एकेक चमचा. चाळीस माणसं बघत होती आणि चमचा वाडग्याला लागल्याचा आवाज तेवढा येत होता. वाडगा संपवून त्याने तो पालथा करून दाखवला.

‘‘ही खानावळ माझ्या वडिलांची,’’ तो म्हणाला. ‘‘असं कोणी कधी बोललं नव्हतं. कोण बोललं?’’

मी मराठीत सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. काका दारातून पुढे आले होते. खांद्यावरचं फडकं त्यांनी हातात घेतलं होतं आणि ते पिळत होते, कोरडंच.

‘‘कोणी आजारी पडलं नाही,’’ ते म्हणाले. ‘‘मी बोललो. खोटं बोललो.’’

मी भाषांतर करायला थोडं अडखळले. काय सांगावं, काय गाळावं. काकांच्या ते लक्षात आलं. ‘‘आहे तसं सांग,’’ ते म्हणाले. मी सांगितलं.

खानावळवाल्याने विचारलं, ‘‘का?’’

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू भिंतीकडेच्या खुर्चीत बसल्या होत्या, मान खाली घालून.

‘‘ती माझी बायको आहे,’’ काका म्हणाले. ‘‘माझ्याकडे अर्धी पोळी टाकते आणि याच्याकडे वाडगा चाटून पुसून खाते. मला बघवलं नाही.’’

हेही मी तसंच सांगितलं. मला वाटलं तो हसेल. मागे कोणीतरी खुसखुसलंही. तो हसला नाही. त्याने काकांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, ‘‘तुम्हीही हाच धंदा करता. तुमच्याबद्दल मी असं बोललो असतो तर तुम्ही उद्या कुठे उभे राहिला असता?’’ एवढं बोलून तो गेला. पातेलं तिथेच राहिलं.

काका प्रत्येक टेबलापाशी गेले. चाळीस माणसांना त्यांनी एकच वाक्य सांगितलं, ‘‘समोरचं जेवण चांगलं आहे, माझ्या बोलण्यावर जाऊ नका.’’ मास्तरांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तो त्यांनी हळूच बाजूला केला. मग पातेल्यातलं उरलेलं त्यांनी स्वतःच्या हाताने सगळ्यांना वाढलं. स्वतः घेतलं नाही. काकूंचा वाडगा त्यांनी सगळ्यात शेवटी भरला.

दुसऱ्या दिवशी, मुक्कामाच्या शेवटच्या दुपारी, काकांनी ते पातेलं तारेने घासून लख्ख केलं आणि मला म्हणाले, ‘‘चल, परत द्यायचंय. मला बोलता येत नाही.’’ काकू पण आल्या. त्यांना बोलावलं नव्हतं, पण आल्या.

खानावळीत सात टेबलं होती. भिंतीला लाकडी फळ्या, त्यावर उलटे टांगलेले कप. खानावळवाल्याने पातेलं घेतलं, आत डोकावून पाहिलं, मग काकांच्या हातांकडे पाहिलं. काकांनी हात जोडले. त्याने मान हलवली. माफ केलं की फक्त पातेलं मिळालं म्हटलं, ते मला आजही सांगता येणार नाही. मग त्याने खिडकीजवळच्या टेबलाकडे बोट केलं.

काका बसले. वाडगा आला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. बावीस वर्षांत पहिल्यांदा ते परक्या देशात परक्याच्या हातचं खात होते. त्यांनी एक दाणा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. सरकारी माणूस कागद तपासतो तसे ते चावत होते. दुसरा घास. तिसरा. मग पाव उचलून त्याचा वास घेतला.

‘‘चांगलं आहे,’’ ते म्हणाले. ‘‘चांगलं आहे, हेच वाईट झालं.’’

थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘हा कांदा तासभर मंद आचेवर ठेवलाय. जास्तच असेल. मला कोण देतं तासभर? दुसऱ्याच्या शेगडीवर उभा असतो मी. मागे त्यांचा माणूस घड्याळ बघत असतो. याची चूल याची स्वतःची आहे. सकाळी पेटवतो, वाटेल तेवढा वेळ ठेवतो. भाजीवाला याला ओळखतो. ही खिडकी याची, तो नळ याचा.’’ ते बोलताना आतल्या चुलीकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते त्या माणसाबद्दल नव्हतं, त्या चुलीबद्दल होतं. ‘‘मलाही येतं असं करायला. वेळ असता तर.’’

‘‘येतं की,’’ काकू म्हणाल्या. आदल्या दिवसापासून त्या पहिल्यांदा बोलत होत्या. ‘‘पण तुम्ही मला कधी केलं नाहीत.’’

काकांनी हातातला पाव खाली ठेवला.

‘‘मी इथे का आले सांगू? पहिल्या दिवशी मी बसले आणि याने पुढ्यात आणून ठेवलं. मग दुसरं आणून ठेवलं. मी जेवत होते आणि मधे कोणी उठवलं नाही. पाणी दे, लोणचं दे, पोळी गार आहे. एकतीस वर्षांत मी एक जेवण बसल्या जागी संपवलं असेन तर शपथ.’’

‘‘हॉटेलात मी तुला वाढलं होतं,’’ काका म्हणाले.

‘‘वाढलंत, आणि डोक्यावर उभे राहिलात. कसं झालंय, छान म्हणजे काय. घास उतरतो का असा?’’

काकांनी वाडग्यात बघितलं.

‘‘आणि चव पण आवडली मला,’’ काकू म्हणाल्या. ‘‘नुसतं बसून खायला मिळालं म्हणून नाही. हा घेवडा तुमच्या डाळीपेक्षा आवडला. तेवढंही ऐकून घ्या.’’

मला वाटलं आता हे उठतील. उठले नाहीत. वाडगा संपवला, पाव संपवला, आणि मला म्हणाले, ‘‘त्याला विचार, दाणे किती वेळ भिजवतो.’’ मी विचारलं. खानावळवाला काकांकडे बघून म्हणाला, ‘‘ते मी सांगणार नाही.’’ मी तसंच सांगितलं. तिथे पहिल्यांदा काका हसले. ‘‘मीही नसतं सांगितलं,’’ म्हणाले.

परत आल्यावर काका सुधारले असं कोणी म्हणेल तर ते खरं नाही. पुढची चार वर्षं ते आमच्याबरोबर आले. प्रत्येक गावात पोचलं की पहिल्या दुपारी गल्लीबोळ हुडकून कुठे तरी जेवून यायचे आणि तोंड वाकडं करून आले की मी समजायचे की जेवण उत्तम होतं. प्रवाशांना अडवायचे नाहीत, पण बाहेर काय खाल्लं ते खोदून खोदून विचारायचे आणि ऐकताना हातातलं फडकं पिळायचे. घरी मात्र आठवड्यातून एक दिवस ते चुलीपाशी उभे राहू लागले. काकूंचं ताट वाढायचे आणि जेवण होईपर्यंत गॅलरीत जाऊन बसायचे. पाठ करून. काकूंनीच मला हे सांगितलं.

काका निवृत्त झाल्यावर पुढच्या वर्षी काकू आपल्या धाकट्या बहिणीबरोबर परदेशी गेल्या. दुसऱ्याच कंपनीतून, ज्यांच्याबरोबर आचारी नसतो. एका संध्याकाळी काकांचा मला फोन आला. कशी आहेस, काय चाललंय, काही नाही. थेट म्हणाले, ‘‘आज तिने काय खाल्लं माहीत आहे?’’

काकू रोज काय खाल्लं ते फोनवर बोलून, रेकॉर्ड करून पाठवत होत्या. काकांनी मला सगळं ऐकवलं. कुठल्याशा पानात गुंडाळून राखेत भाजलेला मासा, त्यावर पिळलेलं आंबट फळ, बाजारात उभ्याने खाल्लेल्या गरम वड्या, एका म्हातारीने आग्रहाने वाढलेलं दुसरं ताट. शब्दन्‌शब्द पाठ होता त्यांना. मासा कोणत्या बाजूने आधी भाजला असेल यावर ते दहा मिनिटं बोलले. आवाजात तीच जुनी आग होती.

‘‘काका, तुम्ही का नाही गेलात?’’ मी विचारलं.

‘‘तिने बोलावलं नाही,’’ ते म्हणाले. मग म्हणाले, ‘‘मी विचारलं होतं. म्हणाली, या वेळी मी आणि बहीण. पुढच्या वेळी बघू. आता त्या माशाचं मला सांग, पान कसलं असेल? केळीचं तर वाटत नाही.’’

मी म्हटलं, मला नाही माहीत.

‘‘तुला कसं माहीत असणार,’’ ते म्हणाले, ‘‘तू पण नाही खाल्लास.’’ आणि काकूंचा पुढचा निरोप आला असेल, कारण त्यांनी घाईघाईने फोन ठेवला.